मोटारीचा क्लच घरीं बदलावा काय ?

मोटारगाडी ही आतां केवळ श्रीमंतांची वस्तु राहिलेली नाहीं. सकाळीं शाळेच्या फाटकाशीं उभें राहिलें, तर किती तरी विद्यार्थी आईच्या किंवा वडिलांच्या लहानशा गाडींतून उतरतांना दिसतात. गाडी घरांत आली कीं तिच्याबरोबर तिचीं दुखणींहि येतात. आणि त्यांपैकीं बऱ्याच खर्चाचें एक दुखणें म्हणजे क्लच झिजणें हें होय. मिस्त्री खर्चाचा आकडा सांगतो. तो ऐकून घरांतील कोणी तरी म्हणतो, "एवढे पैसे कशाला ? बोल्ट काढावयाचे, जुनी चकती काढून नवी बसवावयाची. सुटींत आपणच करूं." हें बोलणें खोटें नाहीं, पण तें अपुरें आहे. तें कोठें अपुरें पडतें आणि अशा प्रसंगीं निर्णय कसा करावा, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांतील बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टान्त पुष्कळ विद्यार्थ्यांनीं ऐकला असेल. पाया घालण्यापूर्वीं बसून खर्चाचा अंदाज न घेणाऱ्याचें काम अर्धवट राहतें व पाहणारे त्याला हसतात, असें त्याचें तात्पर्य आहे. मोटारीच्या कामांत हा हिशेब चुकला, तर नुसत्या हसण्यावर निभावत नाहीं. कारण येथें मनुष्याला गाडीखालीं निजून काम करावें लागतें. म्हणून आपणहि प्रथम बसून हिशेब करूं.

पण त्याआधीं क्लच म्हणजे काय तें समजून घेतलें पाहिजे. मोटारीचें एंजिन एकदां सुरू झालें कीं तें फिरत राहिलें पाहिजे. त्याला अडविलें तर तें बंद पडतें. चाकें मात्र कधीं फिरावयाचीं, तर कधीं थांबावयाचीं. तेव्हां फिरतें एंजिन आणि थांबलेलीं चाकें यांचा संबंध हवा तेव्हां जोडणारी व हवा तेव्हां तोडणारी कांहीं युक्ति मध्यें असावी लागते. तीच क्लच होय. जुन्या कापडगिरण्यांत एका लांब फिरत्या दांड्यावरून चामड्याच्या पट्ट्यांच्या योगें अनेक यंत्रें चालत. यंत्रापाशीं दोन कप्प्या शेजारींशेजारीं असत. एक यंत्राच्या दांड्याला पक्की बसविलेली व दुसरी मोकळी. यंत्र थांबवावयाचें झालें कीं कामगार पट्टा पक्क्या कप्पीवरून मोकळ्या कप्पीवर सरकवी. कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं जर्मनींत ज्या मोटारीचें पेटंट घेतलें, तिच्यांतहि पट्टा सरकविण्याचीच युक्ति होती.

आजच्या मोटारींत पट्ट्याची जागा चकतीनें घेतली आहे. तिचें तत्त्व कळण्यासाठीं घरीं एक लहानसा प्रयोग करून पाहा. दोन सपाट ताटल्या घेऊन त्यांच्यामध्यें जाड कापडाची घडी ठेवा. वरच्या ताटलीवर तळहात हलकेच टेकवा आणि भावंडास खालची ताटली सावकाश फिरवावयास सांगा. दाब कमी आहे तोंपर्यंत खालची एकटीच फिरते. दाब वाढवीत गेलां कीं वरचीहि तिच्याबरोबर ओढली जाते आणि तुमचा हातहि वळूं लागतो. दोन वस्तूंना जोडणारा येथें खिळा नाहीं कीं दोरी नाहीं. केवळ घर्षण व दाब यांनींच हें काम झालें.

मोटारींत एंजिनाच्या टोकाला एक जड चक्र असतें. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्यावर प्रेशर प्लेट नांवाचा भाग बोल्टांनीं जखडलेला असतो, व तो एंजिनाबरोबरच फिरतो. या दोहोंच्या चिमटींत क्लच प्लेट ही चकती असते. तिच्या दोन्ही अंगांना खरबरीत अस्तर लावलेलें असतें आणि मध्यभागीं दांते असलेलें छिद्र असतें. त्या छिद्रांत गिअरबॉक्सचा दांडा बसतो. मजबूत स्प्रिंगच्या जोरानें चिमटा आवळलेला असला, कीं चकती एंजिनाबरोबर फिरते व फिरणें गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत पोंचतें. चालकानें पायाखालचें क्लचचें पेडल दाबलें, म्हणजे केबल ओढली जाते, एक बेअरिंग पुढें सरकून स्प्रिंगच्या जिभांवर दाबलें जातें, चिमटा सैल होतो, आणि एंजिन व चाकें यांचा संबंध सुटतो. कित्येक गाड्यांत केबलच्या ऐवजीं नळींतील तेल हें काम करतें.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग हे तीन भाग बाजारांत एका खोक्यांत संच म्हणून मिळतात. खोकें काखेंत मारून सहज घरीं आणतां येतें. मग अडचण कोठें आहे ? अडचण जागेची आहे. चकती बसते ती एंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्यें. तिच्यापर्यंत हात पोंचावयाचा, तर बहुतेक गाड्यांत सबंध गिअरबॉक्स खालीं उतरवावा लागतो व काम झाल्यावर पुन्हां वर चढवावा लागतो. म्हणून "क्लच घरीं बदलावा काय ?" या प्रश्नाचा खरा अर्थ, "गिअरबॉक्स घरीं उतरवावा काय ?" असा आहे.

हिशेबाचा पहिला भाग निदानाचा. दुखणें खरोखर क्लचचेंच आहे काय ? येथें मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. आमच्या घरीं मारुति ८०० गाडी होती. हें मॉडेल १९८३ च्या डिसेंबरांत प्रथम विकावयास आलें व २०१४ सालीं त्याचें उत्पादन थांबलें. तीन सिलिंडरांचें ७९६ घनसेंटिमीटरचें लहानसें एंजिन पुढें आडवें बसविलेलें, आणि पुढच्याच चाकांना गति देणारें. एकदां बोरघाट चढतांना एंजिनाचा आवाज वाढे, पण गाडी कांहीं वेग घेईना. क्लच झिजला कीं चकती घसरते व नेमकें हेंच होतें, असें मीं वाचलें होतें. लगेच संच विकत आणला. सुटी पाहून गाडी अंगणांत घेतली, पुढचीं चाकें जॅकनें उचलून आंतल्या सांगाड्याखालीं दोन्ही बाजूंस विटा रचल्या, आणि एक मोठा पाना कमी पडला म्हणून कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे मागावयास गेलों.

मिस्त्री वयानें वडील, मितभाषी. पाना न देतां तेच माझ्याबरोबर आले. त्यांनीं गाडीखालीं पाहिलें, आणि प्रथम जॅक लावून विटा काढावयास सांगितलें. "वीट सांगून फुटत नाहीं, मास्तर," एवढेंच ते म्हणाले. गाडी जमिनीवर आल्यावर त्यांनीं क्लचचें पेडल हातानें दाबून पाहिलें. पेडल आरंभीं थोडें हलकेच जावें लागतें. तेवढा मोकळेपणा केबलमध्यें ठेवलेला असतो. आमच्या पेडलाला तो मुळींच नव्हता. चकती झिजत जाते तसतशा स्प्रिंगच्या जिभा बेअरिंगकडे सरकतात व हा मोकळेपणा आपोआप कमी होतो. तो वेळोवेळीं पाहून केबल सैल करावी लागते. मीं तर कांहीं महिन्यांपूर्वीं ती उलट ताणून ठेविली होती. त्यामुळें पाय काढला तरी क्लच थोडासा दाबलेलाच राहत होता. मिस्त्रींनीं बॉनेट उघडून केबलच्या टोकाची चाकी कांहीं फेरे सैल केली. "प्लेट अजून जिवंत आहे. तुम्ही जिवंत माणसाला दवाखान्यांतून थेट मसणांत नेत होतां," ते म्हणाले. त्यांनीं पैसे घेतले नाहींत. विकत आणलेला संच पुढें दोन वर्षें फडताळांत पडून होता.

तेव्हां चकतीला दोष देण्यापूर्वीं लक्षणें नीट ओळखावीं. चढावर वरच्या गिअरमध्यें एंजिन जोरानें फिरतें, पण गाडी मागें पडते व जळका वास येतो, तर क्लच घसरत आहे. गिअर टाकतांना, विशेषतः मागचा गिअर टाकतांना, करकर होते, तर क्लच पुरता सुटत नाहीं. केबल फार सैल असली तरी असें होतें. पेडल दाबतांच घरघर आवाज येतो व सोडतांच थांबतो, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. पेडल एकाएकीं तळाला गेलें, तर केबल तुटली असेल किंवा नळींतील तेल गळालें असेल. अशा वेळीं गिअरबॉक्सला हात लावण्याचें बहुधा कारण नसतें. घाट चढूनच पाहावयास नको, म्हणून मिस्त्री एक परीक्षा करतात. मोकळ्या जागेंत, पुढें कोणी नाहीं असें पाहून, हँडब्रेक घट्ट ओढावयाचा, ब्रेकवर पाय ठेवावयाचा, गाडी तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्यें टाकावयाची आणि क्लचचें पेडल सावकाश सोडावयाचें. क्लच चांगला असेल तर एंजिन बंद पडतें. घसरत असेल तर तें फिरतच राहतें. ही परीक्षा मोठ्या माणसानेंच, आणि एकदांच करावी. पुनःपुन्हां केल्यास चांगली चकतीहि जळते.

दुसरा भाग पैशाचा. येथें पुष्कळांची एक चूक होते. सबंध खर्च वांचेल असें ते धरून चालतात. समजा, संचाची किंमत ४,००० रुपये आहे व मिस्त्री मजुरीचे ३,००० रुपये सांगतो. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत; आपल्या गाडीचे आकडे दुकानांत विचारून घ्यावे. घरीं काम केलें तरी संच विकत घ्यावाच लागतो. वांचतात ते मजुरीचे ३,००० रुपये, सबंध ७,००० नव्हेत. त्यांतूनहि गाडी तोलून धरणारीं लोखंडी घोडीं, ज्यांना गॅरेजांत स्टँड म्हणतात, गिअरबॉक्स उतरविण्याचा जॅक, चकती मध्यावर धरण्याची दांडी आणि बोल्ट ठराविक जोरानें आवळण्याचा टॉर्क पाना, इतकीं साधनें जवळ नसतील तर आणावीं लागतील. हीं एकदां घेतलीं कीं पुढेंहि उपयोगी पडतात, हें खरें. पण क्लच कांहीं दरवर्षीं बदलावा लागत नाहीं. आणि काम चुकलें तर तीच मजुरी व कदाचित् नवी चकती, असा दुप्पट भुर्दंड बसतो.

तिसरा भाग कौशल्याचा. पुढील वर्णन शांतपणें वाचावें. बॅटरीची ऋण तार काढावयाची. गाडी सपाट व टणक जमिनीवर उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवावयाची. गिअरबॉक्समधील तेल काढावयाचें. पुढचीं चाकें फिरविणारे दोन्ही दांडे, गिअरची जोडणी, स्टार्टर व केबली सोडवावयाच्या. गिअरबॉक्स निघाल्यावर एंजिन लोंबूं नये म्हणून त्याला आधार द्यावयाचा. मग गिअरबॉक्स सरळ रेषेंत मागें घेऊन उतरवावयाचा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीनें थोडेथोडे सैल करावयाचे. एक बोल्ट एकदम काढला तर प्लेट वांकते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा तडे आहेत काय तें पाहावयाचें. एंजिनाच्या टोंकाशीं तेल झिरपत असेल, तर तेथील सील त्याच वेळीं बदलावयाचें, नाहीं तर नव्या चकतीवरहि तेल पडून ती घसरेल. नवी चकती कोणत्या बाजूनें बसवावयाची तें पाहून, दांडीच्या योगें अगदीं मध्यावर धरून, बोल्ट पुन्हां समोरासमोर आवळावयाचे. चकती थोडी जरी कलली, तरी गिअरबॉक्सचा दांडा आंत शिरत नाहीं. आणि तो बळानें घुसवावयास गेलें किंवा गिअरबॉक्सचें ओझें त्या दांड्यावर लोंबत राहिलें, तर नव्या चकतीचा मध्य वांकडा होतो. शेवटीं तेल भरून केबलचा मोकळेपणा गाडीच्या पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें ठेवावयाचा.

हें वर्णन वाचतांना ज्याला प्रत्येक वाक्यांतील क्रिया डोळ्यांपुढें दिसली, ज्यानें पूर्वीं ब्रेक किंवा चाकांच्या दांड्यांचें काम स्वतः केलें आहे, त्यानें हें काम अंगावर घेण्याचा विचार करण्यास हरकत नाहीं. ज्याला चार ठिकाणीं अडखळल्यासारखें झालें, त्यानें तें अंगावर घेऊं नये. सरावलेला मिस्त्री मदतनीसाला घेऊन लहान गाडीचें हें काम बहुधा एका दिवसाच्या आंत उरकतो. नवशिक्यानें दोनतीन दिवस धरावे, आणि तेवढे दिवस गाडी दारांत पाय तोडल्यासारखी उभी राहील हें घरांत आधींच सांगून ठेवावें.

चौथा भाग जिवाचा. आणि येथें काटकसरीला जागा नाहीं. लहान मोटारीचा गिअरबॉक्सहि साधारणतः २५ ते ४० किलो भरतो, म्हणजे तिसरीचौथींतील एका मुलाएवढा. तो तेलानें निसरडा असतो, धरावयास सोयीची जागा नसते, आणि ज्याच्यावर तो सुटतो तो मनुष्य उताणा निजलेला असतो. वर आणखी सबंध गाडीचें वजन असतें. जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, उचलून धरण्याचें नव्हे. तो घसरतो, त्यांतील तेलाचा दाब उतरतो. विटा, सिमेंटचे ठोकळे किंवा दगड यांवर गाडी ठेवून तिच्याखालीं जाणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय, कारण वीट भार सोसतां सोसतां एकदम फुटते. मातीच्या अंगणांत लोखंडी घोडींहि रुततात. एकट्यानें गाडीखालीं जाऊं नये. बाहेर दुसरें मोठें माणूस असावें. आणखी एक गोष्ट. क्लचच्या घरांत काळी धूळ सांचलेली असते. पूर्वींच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत व त्याचे सूक्ष्म तंतु फुप्फुसांस फार घातक असतात. म्हणून ती धूळ तोंडानें किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी.

गाडी कोणती आहे याचाहि विचार हवा. केबलचा साधा क्लच असलेली जुनी लहान गाडी ही त्यांतल्या त्यांत सोपी. कांहीं नव्या गाड्यांत तेलाचें सिलिंडर गिअरबॉक्सच्या आंतच असतें. आपल्याकडे २०१४ पासून लहान मोटारींतहि ज्यांचा क्लच यंत्रच दाबतें असे गिअरबॉक्स येऊं लागले. त्यांत नवी चकती बसविल्यावर संगणकाच्या साहाय्यानें जुळणी करून द्यावी लागते. अशीं कामें घरचीं नव्हेत. गाडी हमीच्या मुदतींत असेल, तर प्रथम हमीपत्र वाचावें.

अशा रीतीनें चारी भाग मांडले म्हणजे निर्णय बहुधा आपोआप होतो. निदान पक्कें आहे, वांचणारी रक्कम साधनांच्या खर्चाहून मोठी आहे, कामाची ओळख आहे, टणक जमीन, लोखंडी घोडीं व एक जाणता सोबती आहे, आणि गाडी चार दिवस नसली तरी चालेल, असें असेल तर काम घरीं करावें. त्यांत शिकण्याचा आनंदहि आहे. यांपैकीं पैसा किंवा वेळ कमी पडला तर फार तर नुकसान होईल. परंतु जमीन, घोडीं किंवा सोबती यांपैकीं एकहि नसेल, तर बाकीच्या सर्व गोष्टी अनुकूल असूनहि काम घरीं करूं नये.

मात्र "सर्व आपण" किंवा "सर्व मिस्त्रींनीं" असे दोनच मार्ग आहेत असें समजूं नये. वर ज्यांच्या मोटारीचा उल्लेख केला, त्या कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्था बेंझ या १८८८ च्या ऑगस्टांत दोन मुलांना घेऊन तशाच मोटारींतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. अंतर सुमारें १०० किलोमीटर. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनीं टोपीच्या पिनेनें स्वतः मोकळी केली. साखळीचें काम निघालें, तेव्हां लोहाराची मदत घेतली. ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजले, तेव्हां जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर चामडें ठोकवून घेतलें. आपल्या हातचें काम आपण केलें, दुसऱ्याच्या हातचें त्याच्याकडून करून घेतलें, आणि मोटार मुक्कामीं पोंचली.

दोन वर्षांनीं आमच्या गाडीचा क्लच खरोखरच झिजला. केबलचा मोकळेपणा ठीक होता, तरी एंजिन परीक्षेंत बंद पडेना. या वेळीं मीं कागदावर हिशेब मांडला. पैसे वांचत होते, सुटीहि होती. पण अंगण मातीचें होतें आणि सोबती कोणी नव्हता. फडताळांतील संच काढून मी मिस्त्रींकडे गेलों व काम चालूं असतां तेथें उभा राहण्याची परवानगी मागितली. दिवसभर मीं पाने दिले, बोल्ट ओळीनें मांडून ठेविले व विजेरी धरली. नवी चकती बसविण्याची वेळ आली, तेव्हां त्यांनीं मध्याची दांडी माझ्या हातांत दिली. "आतां तुम्ही धरा, मास्तर. बोल्ट समोरासमोर, अर्धा अर्धा फेरा." ते सहा बोल्ट मीं आवळले. शेवटचा जोर त्यांनीं स्वतः पाहून घेतला.

तेव्हांपासून केबल मी दर दोन महिन्यांनीं तपासतों, व पेडलावर पाय टेकवून गाडी चालविण्याची आणि चढावर क्लचच्या आधारें गाडी तोलून धरण्याची खोड सोडून दिली आहे. या दोन खोडी ज्याला नाहींत, त्याची चकती पुष्कळ दिवस टिकते, व घरीं बदलावी कीं गॅरेजांत हा प्रश्न त्याच्यापुढें फार उशिरां येतो. विद्यार्थिमित्रांनो, घरांत असा विचार निघाला, तर वडिलांना हिशेबाचे हे चार भाग वाचून दाखवा. बॉनेट उघडून पाहण्यास, विचारण्यास व पाने हातांत देण्यास मुळींच संकोच करूं नका. पण उचललेल्या गाडीखालीं जाऊं नका, आणि विटांवर ठेवलेल्या गाडीखालीं कोणालाहि जाऊं देऊं नका.